पायाचे क्षुद्ररोग

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला तेरावा अध्याय क्षुद्ररोगांचा आहे. मूळव्याध, मूतखडा, भगंदर, कुष्ठ, प्रमेह अशा भारदस्त व्याधींना स्वतंत्र अध्याय मिळाले आणि जे किरकोळ उरले ते या एका अध्यायात बसवले गेले. संख्या चव्वेचाळीस. मुरूम, वांग, चाई, कोंडा, पिकलेले केस अशी मंडळी तिथे दाटीवाटीने राहतात. त्यांच्यातच पायाची चार दुखणी आहेत. फार चालणाऱ्याच्या पायांत वात रूक्षता आणतो आणि तळवे फुटतात, ती पाददारी. खडा किंवा काटा लागून पायात खिळ्यासारखी कठीण गाठ होते, ते कदर. घाणेरड्या चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत ओल, कंड आणि आग होते, तो अलस. मार लागून नख काळे, खरखरीत होते, ते कुनख.

मराठीत या चौघांना अनुक्रमे भेगा किंवा जळवात, कुरूप, चिखल्या आणि काळे नख म्हणतात. मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉननंतर किंवा साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉननंतर पाच-पन्नास हौशी धावपटूंचे मोजे उतरवून पाहिले, तर हे चारही तिथे हजर असतात. पाचवा मात्र या यादीत ठळकपणे दिसत नाही. तो म्हणजे घर्षणाने येणारा पाण्याचा फोड. हौशी धावणाऱ्याच्या आयुष्यात सर्वांत जास्त वेळा येणारा पाहुणा तोच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करू.

आधी थोडा हिशेब. साधारण वेगाने धावणारा माणूस मिनिटाला १६० च्या आसपास पावले टाकतो. अडीच तासांत एकवीस किलोमीटर पुरे करणाऱ्याची चोवीस हजार पावले होतात, म्हणजे एका पायाच्या वाट्याला बारा हजार. धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. सत्तर किलोच्या माणसासाठी हा भार दीडशे ते दोनशे किलो, आणि तो एका बाजूला बारा हजार वेळा. पाय हे निमूटपणे सोसतो याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे.

फोड कशाने येतो असे विचारले तर दहातले नऊ जण ‘बूट घासल्याने’ म्हणतील. हे उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचे बोट घट्ट टेकवा आणि ते न घसरू देता मागेपुढे हलवा. बोट कातडीवर घासत नाही, कातडीच बोटाबरोबर सरकते आणि खालचे हाड जागच्या जागी राहते. धावताना याच्या उलट घडते. मोजा कातडीला चिकटलेला, मोजा बुटाला चिकटलेला, आणि आत हाड मात्र पुढेमागे हलते. वरचे स्थिर, खालचे हलते. ओढाताण होते ती मधल्या थरांची. या ताणाला कातरताण म्हणता येईल. हाताच्या पाठीची कातडी सैल असल्याने हा ताण ती सहज पचवते. तळव्याची कातडी जाड आणि खालच्या ऊतींना घट्ट बांधलेली असते. ती सरकू शकत नाही, म्हणून आतल्या आत फाटते.

हे अंदाजाने सांगितलेले नाही. इंग्लंडमध्ये पी. एफ. डी. नेलर यांनी १९५५ मध्ये माणसाच्या कातडीवर घर्षणाचे पद्धतशीर प्रयोग करून निष्कर्ष छापले. अगदी कोरड्या कातडीवर घर्षण कमी, अगदी निथळत्या ओल्या कातडीवरही कमी, आणि नुसत्या दमट कातडीवर सर्वांत जास्त, असे त्यांना आढळले. अमेरिकेत मॅरियन सुल्झबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये स्वयंसेवकांच्या अंगावर यंत्राने फोड उठवून पाहिले. जिथे कातडी जाड आणि बांधलेली आहे तिथेच खरा फोड येतो. पातळ कातडी नुसती सोलवटते. सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की भेग बाह्यत्वचेच्या मधल्या थरातल्या पेशींमध्ये पडते आणि त्या पोकळीत पाणी मागाहून भरते. म्हणजे फोडातले पाणी हा अपघातानंतर जमलेला जमाव आहे. अपघात त्याआधीच होऊन गेलेला असतो. धावताना पायाला एका जागी चटका बसल्यासारखे वाटू लागते, ती वेळ फाटण्याच्या जरा आधीची. तेव्हा थांबून मोजा सरळ केला तर पुष्कळदा पुढचे टळते. शर्यतीत कोण थांबतो, हा भाग वेगळा.

या विषयावरचे बरेचसे संशोधन लष्कराच्या पैशाने झाले आहे आणि त्यात नवल नाही. फोड आलेला शिपाई चालू शकत नाही आणि न चालणारा शिपाई कोणत्याही सेनापतीला महाग पडतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या छात्रांवर जोसेफ नॅपिक आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तर्क सोपा होता: घामाने दमट झालेली कातडी जास्त अडकते, तर घामच बंद करावा. काही छात्रांनी पायांना ॲल्युमिनियम क्लोराइडचे वीस टक्क्यांचे द्रावण लावले, काहींनी तसेच दिसणारे पण निरुपयोगी द्रावण. मग एकवीस किलोमीटरची कूच. औषध नीट लावणाऱ्यांत २१ टक्क्यांना फोड आले, न लावणाऱ्यांत ४८ टक्क्यांना. इथवर विजय. पण औषध लावणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांच्या पायांची आग झाली, दुसऱ्या गटात ती ६ टक्क्यांची होती. एक दुखणे देऊन दुसरे घेतले. हे आकडे पाहिल्यावर हा उपाय घराघरांत का पोचला नाही ते कळते.

मोज्यांची कथा तर अधिकच गमतीची. ‘सुती मोजे नकोत, कृत्रिम धाग्याचे घ्या’ हा सल्ला आज प्रत्येक धावगटात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मिळतो. त्याचे मूळ हेरिंग आणि रिची या दोघांच्या १९९० च्या अभ्यासात आहे. पस्तीस लांब पल्ल्याच्या धावकांना कोणता मोजा कशाचा ते न सांगता ॲक्रिलिक आणि सुती मोजे दिले. ॲक्रिलिकवाल्यांना फोड कमी आले, आले तेही लहान. पण त्याच दोघांनी १९९३ मध्ये साध्या, पातळ विणीचे मोजे घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दोन धाग्यांत फरक दिसला नाही. म्हणजे नुसता धागा कामाचा नाही. दाट, गादीदार विणीत गुंफलेला तो धागा कामाचा. पहिला अभ्यास सर्वांना ठाऊक आहे, दुसरा फारसा कुणाला नाही, कारण मोजे विकायला पहिलाच उपयोगी. आपल्या हवेत आणखी एक गोष्ट घडते. उकाडा सहन न होऊन धावणारा वाटेतल्या पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ओततो. ते पाणी पाठीवरून, मांड्यांवरून थेट बुटात उतरते आणि पुढची पंधरा किलोमीटर पाय नेलरनी सांगितलेल्या नेमक्या त्या नको त्या दमट अवस्थेत राहतो. पाणी ओतायचेच तर जरा वाकून, पुढच्या बाजूला.

माझ्या वाचनात आलेला सर्वांत स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे कागदी चिकटपट्टी. दवाखान्यात सलाइनची नळी हाताला चिकटवायला वापरतात तीच. वाळवंटांतून सहा टप्प्यांत अडीचशे किलोमीटर धावण्याच्या शर्यतींतल्या १२८ जणांवर ग्रँट लिपमन आणि सहकाऱ्यांनी ती वापरून पाहिली. प्रत्येकाच्या स्वतःच्या पायाच्या फोडखोर जागांवर पट्टी लावली, बाकीचा पाय तसाच ठेवला. पट्टीच्या जागी फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०१६ चा. त्याआधीच्या तशाच अभ्यासात फायदा दिसला नव्हता, हेही सांगायला हवे. (अडीचशे किलोमीटर हा आकडा आपल्याला अनोळखी नाही. आळंदीहून पंढरपूर साधारण तेवढेच. फरक इतकाच की वारकरी तिथे पोचतो तो भर आषाढात, ओल्या पायांनी, आणि त्याला पदक मिळत नाही.)

आलेला फोड फोडावा की नाही, यावर वारीत आणि धावगटात सारखेच तट पडतात. यावरही कोर्टीज आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये काम केले आहे. पहिल्या चोवीस तासांत तीनदा पाणी काढले आणि वरची कातडी जागेवरच ठेवली, तर ती कातडी खाली पुन्हा चिकटण्याची शक्यता सर्वांत चांगली. ती वरची कातडी म्हणजे निसर्गाने दिलेली पट्टी. खाली नव्या पेशींची लगबग चोवीस तासांत जोरात सुरू होते आणि पाच दिवसांत वरचा शिंगासारखा थर पुन्हा तयार होतो. सार असे की लहान, न दुखणारा फोड झाकून सोडून द्यावा. मोठा, ठणकणारा असेल तर स्वच्छ धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे आणि कातडी कापू नये. फोडातून सुईदोरा ओवून दोरा तसाच ठेवण्याची पद्धत लांब चालणाऱ्यांत आढळते. पाणी झिरपत राहावे हा त्यामागचा हेतू, पण ज्या वाटेने पाणी बाहेर येते त्याच वाटेने जंतू आत जातात.

जंतूंची ही भीती बाऊ वाटू नये म्हणून १९२४ चे एक उदाहरण. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा जूनच्या अखेरीस व्हाइट हाउसच्या आवारात बिनमोज्यांच्या बुटांत टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. फोडातून जंतू रक्तात गेले आणि ७ जुलैला तो मुलगा वारला. घरात देशातले उत्तमोत्तम डॉक्टर होते. पेनिसिलिनचा शोध लागायला मात्र अजून चार वर्षे होती. आज औषधे आहेत. फोडाभोवती लाली पसरली, पायावर लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्यांच्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे असते.

आता कुनख. साताऱ्याची शर्यत यवतेश्वराचा घाट चढते आणि त्याच वाटेने उतरते. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाची भीती बाळगतात. नखे जातात ती उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला पाय बुटात पुढे सरकतो आणि बोट बुटाच्या टोकाला जाऊन थडकते. नखाखाली रक्त साकळते. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, हाताच्या नखाच्या निम्म्याने. त्यामुळे जानेवारीत मुंबईत काळे पडलेले अंगठ्याचे नख दिवाळीच्या अभ्यंगस्नानापर्यंतही पुरते निघून गेलेले नसते. उपाय साधे आहेत: बूट संध्याकाळी, पाय दिवसभरात थोडे सुजलेले असताना घ्यावा, उभे राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठाभर जागा उरावी, नखे आखूड आणि सरळ कापावीत. आणि बुटाच्या घोट्याजवळचे ते सर्वांत वरचे, बहुतेकांनी कधीच न वापरलेले जास्तीचे भोक वापरावे. नाडी त्या भोकातून त्याच बाजूला आत घालून लहानसे कडे करायचे आणि समोरची नाडी त्या कड्यातून ओढून बांधायची. टाच मागे जखडली जाते आणि बोटे पुढे धावत नाहीत.

सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठा असे गृहीत धरू नये. कित्येकांचे दुसरे बोट लांब असते आणि नख काळे होते ते त्याचेच. या ठेवणीला ‘मॉर्टनचे बोट’ म्हणतात, ते डडली मॉर्टन यांच्यामुळे. त्यांचे माणसाच्या पायावरचे पुस्तक १९३५ चे. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी मज्जातंतू दाटून, बुटात खडा असल्यासारखे किंवा विजेचा झटका बसल्यासारखे वाटणारे दुखणे ‘मॉर्टनचा न्यूरोमा’. ते फिलाडेल्फियाच्या टॉमस मॉर्टन यांच्या १८७६ च्या लेखामुळे. मॉर्टन दोन, दुखणी दोन, आणि धावण्यावरच्या लोकप्रिय लिखाणात दोघांची सर्रास सरमिसळ झालेली आढळते. त्यात या न्यूरोमाचे वर्णन लंडनच्या लुईस डर्लाकर यांनी १८४५ मध्येच केले होते, आणि ते राजघराण्याची कुरुपे काढणारे गृहस्थ होते. श्रेय मात्र डॉक्टराला गेले.

या दुखण्यांत बुटाच्या रुंदीचा वाटा मोठा. आपल्याकडे बुटांची मापे इंग्रजांनी आणली ती त्यांच्या पायांवरून. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या अखेरीपासून देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असतो असे आढळले आणि त्यावरून ‘भा’ नावाची मापपद्धती सुचवली गेली. पंजा आवळतो म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात, मग टाच सैल पडते आणि फोड टाचेवर येतो. रुंद पंजाचा बूट मिळत असेल तर तोच मागून घ्यावा.

काळ्या नखाबद्दल एक इशारा. साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि बुडाशी स्वच्छ नख दिसू लागते. मार न लागता आलेला, पुढे न सरकणारा, रुंदावत जाणारा किंवा नखाच्या बाजूच्या कातडीत उतरणारा काळा डाग वेगळा. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावरचा डाग फुटबॉलची दुखापत समजला गेला होता. १९७७ मध्ये तो त्वचेचा कर्करोग निघाला आणि १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ते गेले. गोऱ्यांना उन्हाने होणाऱ्या कर्करोगाहून हा प्रकार निराळा. तो तळव्यांवर आणि नखांखाली येतो आणि सावळ्या कातडीला सोडत नाही.

चिखल्यांचे कारण सुश्रुताने घाणेरड्या चिखलात पाहिले, आपण बुरशीत पाहतो. ओल दोघांनाही मान्य आहे. भातलावणीच्या दिवसांत खाचरात उभ्या राहणाऱ्या बायका पायांना मेंदी वाटून लावतात. धावणाऱ्याचे खाचर म्हणजे त्याचा बूट. पावसाळ्यात एकच जोड रोज घातला तर तो रात्रीत वाळत नाही; दोन जोड आलटून पालटून वापरणे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबणे आणि बोटांच्या बेचक्या, विशेषतः करंगळीजवळची, फडक्याने कोरड्या करणे एवढे पुरते. चिखल्या झाल्याच तर बुरशीनाशक मलम डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस लावावे, कंड थांबली म्हणून सोडू नये. मात्र औषधाच्या दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटल्यावर मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्रण-मलमांपासून लांब राहावे. त्यातले स्टेरॉइड दोन दिवसांत कंड थांबवते आणि बुरशीला मोकळे रान देते. नेहमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीची एक जात जपानी संशोधकांनी २०२० मध्ये नेपाळी आणि भारतीय रुग्णांत ओळखली आणि तिचे नाव ठेवले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. आपल्या देशाचे नाव लागावे अशा गोष्टी जगात इतर पुष्कळ होत्या.

भेगांवर फार लिहिण्यासारखे नाही. कोकणात आणि गोव्यात भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, पूर्वापार लावतात आणि ते काम करते. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, तेव्हा ते बाहेरून द्यावे लागते. कुरूप आणि घट्टा यांत फरक करावा: घट्टा पसरट आणि बहुधा न दुखणारा, कुरपाला टोकदार गाभा असतो आणि तो आत बोचतो. ब्लेडने घरी कोरू नये. बूट बदलला की दाब जातो, दाब गेला की पुष्कळदा कुरूपही.

टाचदुखी मात्र क्षुद्र म्हणवत नाही. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलेच पाऊल टेकवत नाही आणि दहा पावलांनी बरे वाटते, ही तिची खूण. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेल्या पट्ट्याचे हे दुखणे. त्याच्या इंग्रजी नावातच दाह आहे. पण हार्वी लेमॉन्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले पन्नास नमुने तपासले तेव्हा दाहाऐवजी झीज दिसली. एक्स-रेत दिसणारे टाचेचे वाढलेले हाड हेही मूळ कारण नव्हे. ते न दुखणाऱ्या अनेक टाचांतही असते. डेन्मार्कमध्ये मिखाएल रॅथलेफ यांनी २०१४ मध्ये छापलेला उपाय व्यायामाचा आहे. पायरीच्या कडेवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून एका पायावर सावकाश टाच उचलायची, क्षणभर थांबायचे, सावकाश खाली यायचे. एकाआड एक दिवस. तीन महिन्यांत नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा या गटाला जास्त आराम पडला. वर्षानंतर दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले, म्हणजे हे दुखणे वेळ घेऊन का होईना ओसरते.

आतापर्यंत जे सांगितले ते एका गृहीतावर उभे आहे: पाय दुखला की माणसाला कळते. धावगटांतल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींत साखर वाढल्याचा अहवाल हातात पडल्यावर धावू लागलेले बरेच असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही निघाले. अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने पायाच्या मज्जातंतूंची संवेदना हळूहळू जाते. प्रमेह आणि क्षुद्ररोग हे दोन अध्याय इथे एकत्र येतात. ज्याला चटका कळत नाही तो थांबत नाही. फोड फुटतो, त्यावरूनच तो आणखी दहा किलोमीटर जातो, आणि रात्री मोज्यावर डाग पाहून त्याला समजते.

हे नीट समजावले पॉल ब्रँड या शल्यविशारदाने. १९१४ मध्ये तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले ब्रँड १९४६ पासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. बोटे आणि पाय झडतात ते रोगाने नव्हे, वेदना न कळल्याने झालेल्या रोजच्या लहान जखमांनी, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेल्यावर तोच विचार त्यांनी मधुमेहींच्या पायांना लावला. त्यांचे एक निरीक्षण धावणाऱ्यांना फार उपयोगी आहे. संवेदना शाबूत असलेला माणूस लांबच्या वाटेवर नकळत पाऊल टाकण्याची ढब बदलत राहतो, कधी भार कडेवर, कधी टाचेवर. थकलेल्या जागेला विश्रांती मिळते. संवेदना गेलेला माणूस पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच जागेवर भार टाकत राहतो. आपल्याकडे मधुमेहींना देतात त्या मऊ काळ्या एमसीआर रबराच्या चपला वेल्लोरच्याच त्या कामातून आलेल्या.

म्हणून मधुमेह असलेल्याने धावू नये असे मुळीच नाही; व्यायाम हे त्याचे औषध आहे. धावायला लागण्यापूर्वी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. दहा ग्रॅमचा तो दाब डोळे मिटून कळला पाहिजे. न कळल्यास धावण्याऐवजी सायकल किंवा पोहणे निवडण्याबद्दल त्यांच्याशी बोलावे. कळत असेल तर धावून आल्यावर रोज उजेडात दोन्ही तळवे पाहावेत. खाली वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे किंवा घरातल्या कुणाला तरी दाखवावे. या पायांचा फोड घरी टोचू नये, कुरपावर औषधाच्या दुकानातली आम्लपट्टी लावू नये. आणि बूट घालण्यापूर्वी दर वेळी तो उलटा करून झटकावा, मग आत हात घालून टोकापर्यंत चाचपून पाहावा, कारण आतला खडा हाताला कळतो, पायाला कळेलच असे नाही.